मळभ : शब्दमेघाच्या लायब्ररीची बांधणी

प्रकल्प नोंदी, मालवण, जून-जुलै २०२४

३ जून

यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनपासून बंद झाली असून ती ३१ जुलैपर्यंत बंद राहील. या दोन महिन्यांत होड्या शाकारल्या जातात, जाळी दुरुस्तीला निघतात आणि एरवी हाती न लागणारी माणसे बोलायला सापडतात. गावातल्या एका वाचनालयाने याचा फायदा घेऊन मागच्या दोन पावसाळ्यांत रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून मोठे जाळे (रापण) ओढून मासे धरणाऱ्यांच्या, आठवणी विद्यार्थ्यांकरवी टिपून घेतल्या. त्या मजकुरात कोणते शब्द किती वेळा येतात हे दाखवणारा शब्दमेघ, म्हणजे जास्त वेळा आलेला शब्द मोठा आणि कमी वेळा आलेला लहान अशी शब्दांची दाटी, भिंतीवर लावण्याची त्यांची इच्छा आहे. तसे चित्र काढणारा संगणकाचा कार्यक्रम मी मागेच पायथन या संगणकभाषेत लिहिला होता आणि तो माझ्या लॅपटॉपवर नीट चालतो. आता हे चित्र त्यांना दरवर्षी, त्यांच्याच संगणकावर आणि माझ्याशिवाय काढता यावे, एवढेच काम उरले आहे. मी त्यांना आठवडाभराचा शब्द दिला आहे.

या नोंदींत ‘लायब्ररी’ म्हणजे इतर कार्यक्रमांत वापरता येणाऱ्या आज्ञावलीची आणि ‘वाचनालय’ म्हणजे पुस्तकांचे, असा भेद शेवटपर्यंत पाळेन.

५ जून

लायब्ररीचे नाव ‘मळभ’ ठरले. शब्दांचा मेघ आहे आणि बाहेरही तेच दाटले आहे. पायपीआय या पायथनच्या पॅकेजांच्या जाहीर भांडारातील नाव मात्र रोमन अक्षरे, अंक, टिंब आणि आडव्या रेघा एवढ्यांतच बसवावे लागते. रोमन लिपीत ‘ळ’ नसल्यामुळे तेथे ‘एल’वर भागवले. पायथनच्या आत देवनागरी नावे चालतात, पण वाचनालयातल्या कळफलकाचा विचार करून तो मोह टाळला.

सांगाडा तयार केला. मूळ फाइली ‘एसआरसी’ या पोटफोल्डरमध्ये हलवल्या. त्यामुळे चाचणी चालताना पायथन चुकून समोरचीच फाइल उचलत नाही, बसवलेले पॅकेज उचलतो. नाव, आवृत्ती, अवलंबित्वे आणि बांधणीची साधने पायप्रोजेक्ट-टॉमल या एकाच फाइलीत लिहिली. अवलंबित्वे, म्हणजे आमच्या लायब्ररीला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्या, दोनच आहेत, आकड्यांच्या तक्त्यांसाठी नमपाय आणि चित्रांसाठी पिलो.

८ जून

चाचणी म्हणून मी सुरुवातीलाच मळभ, फणस, गलबत आणि खडक हे शब्द घातले होते आणि ती पहिल्या दिवसापासून उत्तीर्ण होत आली आहे. आज पहिल्यांदाच वाचनालयाचा खरा मजकूर लावला. चित्रात मधोमध ‘गड’ आला, शेजारी ‘ऊस’ आणि खाली ‘लवण’. रापणकरांच्या आठवणींत ऊस कुठून आला हे पाहण्यासाठी मूळ मजकूर धुंडाळला, तर ऊस कुठेच नव्हता. पाऊस मात्र पानोपानी होता.

पायथनच्या रेजेक्समधले, म्हणजे मजकुरात नमुने शोधण्याच्या सोयीतले, ‘शब्दवर्ण’ हे चिन्ह अक्षरे आणि अंक ओळखते. देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या, म्हणजे सर्व लिप्यांतील वर्णांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाच्या, हिशेबी जोडचिन्हे असल्यामुळे ते त्यांना शब्दाचा भाग मानत नाही. प्रत्येक मात्रेशी शब्द तुटतो, आणि दोनपेक्षा कमी अक्षरांचे तुकडे टाकून द्यावेत अशी अट मीच घातली होती. त्यामुळे ‘पाऊस’मधला प गळून ‘ऊस’ उरला, ‘बांगडा’ या मासळीचा ‘गड’ झाला आणि ‘भरती’चा ‘भरत’. होडी, जाळे, लाट, वारा यांच्यात सलग दोन अक्षरे न सापडल्याने ते शब्द समूळ नाहीसे झाले. मालवणचे ‘लवण’ झाले, आणि हे गावाचे नाव ‘महा-लवण’वरून आले असे सांगतात, हे आठवून क्षणभर करमणूक झाली. सगळ्यांत वाईट गत ‘रापण’ची झाली. तिचा ‘पण’ उरला, आणि ‘पण’ हे उभयान्वयी अव्यय वर्ज्य शब्दांच्या यादीत असल्यामुळे तोही वगळला गेला. ज्या शब्दासाठी हा सारा खटाटोप चालला होता, तोच चित्रात नव्हता.

माझ्या चाचणीतल्या चारही शब्दांत एकही मात्रा नाही, हे तेव्हा लक्षात आले. लायब्ररीचे नावही त्यातलेच आहे.

उपाय सोपा आहे. शब्द म्हणजे काय हे पायथनवर न सोपवता देवनागरीचा युनिकोडमधला पट्टा स्वतः सांगितला त्यातून दंड व अंक वगळले आणि अक्षरे जोडणारे न दिसणारे वर्ण त्यात घेतले. लॅपटॉपवरच्या जुन्या प्रयोगात हीच दुरुस्ती मी कधीतरी हाताने केली होती, आणि लायब्ररी नव्याने लिहिताना ती मागे राहिली. चाचणीत आता रापण, बांगडा, पाऊस, किल्ला आणि सिंधुदुर्ग हे शब्द आहेत.

११ जून

शब्दांची मांडणी लायब्ररीचा सगळ्यांत जड भाग आहे. शब्द मोठ्यापासून लहानापर्यंत एकेक घ्यायचे आणि प्रत्येकासाठी कागदावर रिकामी जागा शोधायची. त्या त्या चौकोनातला प्रत्येक ठिपका तपासत बसले तर रात्र होईल. म्हणून बेरजेचा तक्ता ठेवतात, ज्यात प्रत्येक ठिपक्यापाशी त्याच्या वर आणि डावीकडे असलेल्या सगळ्या ठिपक्यांची बेरीज लिहिलेली असते. मग कोणत्याही चौकोनातली एकूण शाई चार कोपऱ्यांच्या चार आकड्यांवरून निघते. बेरीज शून्य आली तर जागा मोकळी. ही युक्ती फ्रँकलिन क्रो यांनी १९८४ मध्ये संगणकीय चित्रांच्या पृष्ठपोतासाठी मांडली होती. पायथनमध्ये सर्वाधिक वापरली जाणारी आंद्रेआस म्युलर यांची शब्दमेघाची लायब्ररीही हीच वापरते.

जागा शोधणारे आवर्तन शुद्ध पायथनमध्ये फार संथ चालते, म्हणून तेवढा तुकडा सायथन या पायथनसारख्या पण वेगवान भाषेत लिहिला. त्याची किंमत अशी की पॅकेज आता सगळीकडे सारखे राहत नाही. सायथनचे सी भाषेत आणि सीचे यंत्रभाषेत रूपांतर होते, आणि ते प्रत्येक प्रणालीसाठी व पायथनच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे करावे लागते. वाचनालयाच्या संगणकावर सीचा कंपायलर असण्याची शक्यता नाही. तेव्हा तयार व्हीलच, म्हणजे आधीच बांधून ठेवलेले पॅकेज, द्यावे लागणार. माझ्याकडे फक्त लिनक्स असल्याने विंडोजची व्हील दूरच्या यंत्रावर सीआयबिल्डव्हील या साधनाकडून बांधून घेण्याची व्यवस्था केली. ०.१.० आवृत्ती टेस्टपायपीआयवर, म्हणजे पायपीआयच्या सरावाच्या भांडारावर, चढवली.

अक्षरे उभी फिरवण्याची सोय काढून टाकली. रोमन शब्द उभा झाला तरी मान वाकडी करून वाचता येतो. शिरोरेषा उभी झाली की मराठी शब्द वाचवत नाही, असे माझे मत आहे.

१२ जून

टेस्टपायपीआयवरून स्वच्छ फोल्डरात बसवून पाहिले. फॉन्ट सापडत नाही, अशी तक्रार आली.

व्हील ही मुळात झिप फाइल असते, म्हणून ती उलगडून आतली यादी वाचली. पायथनच्या फाइली होत्या, बांधलेला सायथनचा तुकडा होता, पण ‘साहित्य’ हा फोल्डर, म्हणजे फॉन्ट आणि वर्ज्य शब्दांची यादी, नव्हता. पायथनच्या नसलेल्या फाइली सांगितल्याशिवाय व्हीलमध्ये जात नाहीत. लॅपटॉपवर ते कधी जाणवले नाही, कारण तेथे पॅकेज ‘संपादनयोग्य’ पद्धतीने बसवलेले होते, म्हणजे पायथन माझ्याच फोल्डरात वाकून पाहत होता. फाइली जाहीर केल्या आणि त्यांचा मार्ग हाताने जोडण्याऐवजी पायथनच्याच इम्पोर्टलिब-रिसोर्सेस या सोयीमार्फत मागितला.

फॉन्ट नोटो सान्स देवनागरी आहे. त्याचा परवाना एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्स असल्यामुळे तो आज्ञावलीबरोबर वाटता येतो, मात्र परवान्याचा मजकूर सोबत द्यावा लागतो. तोही आत घातला.

एकदा चढवलेल्या फाइलीचे नाव पुन्हा वापरता येत नाही, म्हणून दुरुस्ती ०.१.१ झाली. रात्री लाईट गेली. इन्व्हर्टर राउटरपुरताच असल्याने चढवणे तेवढे पुरे झाले.

१७ जून

काल, १६ जूनला, नमपाय २.० प्रसिद्ध झाले. आज नवीन फोल्डरात लायब्ररी बसवली तर पिप या पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने तेच आणले आणि पाच दिवसांपूर्वी धडधाकट असलेले व्हील आयात होताच, म्हणजे कार्यक्रमात घेताच, कोसळले. नमपाय १ च्या आधारे बांधलेला तुकडा नमपाय २ बरोबर चालणार नाही, अशी स्पष्ट सूचना पडद्यावर होती.

नमपाय २ च्या आधारे नव्याने बांधले तर तेच व्हील दोन्हीकडे चालते, आणि बहुतेकांनी तेच केले असेल. पण माझ्या सायथनच्या तुकड्याला नमपायच्या आतल्या सी-जोडणीची गरजच काय, असा प्रश्न पडला. उघडून पाहिले तर पहिल्या ओळीत ती जोडणी मागवली होती आणि नंतर कुठेच वापरली नव्हती. कुठल्याशा उदाहरणातून ती ओळ जशीच्या तशी उचलली गेली असावी. बेरजेचा तक्ता सायथनच्या मेमरीव्ह्यूतून, म्हणजे स्मृतीतला तक्ता थेट पाहण्याच्या सोयीतून, वाचला जातो, आणि त्याला नमपायच्या हेडर फाइली लागत नाहीत. ओळ खोडली. बांधणीच्या साधनांतूनही नमपायचे नाव गेले. ०.१.२.

१९ जून

आज प्रथमच वाचनालयाच्या संगणकावर. विंडोज १०, बऱ्यापैकी जुना.

वर्ज्य शब्दांची यादी वाचतानाच काम अडले. विंडोजवर पायथनला फाइलीचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे कोणत्या बाइटांत साठवली आहेत ते, सांगितले नाही तर तो यंत्राची ठरलेली सारणी धरतो, आणि येथे ती १२५२ क्रमांकाची, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांची होती. गंमत म्हणजे यादीतले पहिले काही शब्द त्याने बिनबोभाट वाचले होते, अर्थात कचरा म्हणून. ‘आणि’मधल्या प्रत्येक बाइटला त्या सारणीत काही ना काही युरोपीय चिन्ह आहे. पुढे ‘म्हणून’ आला आणि तो अडखळला. यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत हलन्ताचा शेवटचा बाइट ८डी असतो आणि १२५२ च्या सारणीत ती जागा रिकामी आहे. यादीत त्याआधी रिकाम्या जागेवर पडणारा एकही बाइट नसल्यामुळे गाडी तेथपर्यंत पोचली. अख्खी यादी तशीच असती तर चूक कळलीच नसती. लायब्ररीत जेथे जेथे फाइल उघडली जाते तेथे एन्कोडिंग लिहिले.

मग चित्र निघाले. ते घरी घेऊन येईपर्यंत नीट पाहिले नाही. संध्याकाळी ग्रंथपाल बाईंचा फोन आला. “ह्यो किल्लो माका वाचूक येना नाय.”

‘किल्ला’ या शब्दात वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन ‘ल’ला चिकटली होती, आणि दोन ‘ल’ एकमेकांत न मिसळता हलन्त लावून वेगवेगळे उभे होते. ‘सिंधुदुर्ग’मधला रफार ‘ग’च्या डोक्यावर न चढता पायमोडका ‘र’ होऊन राहिला होता. चूक एका शब्दातली नव्हती. पहिली वेलांटी किंवा जोडाक्षर असलेला चित्रातला प्रत्येक शब्द मोडला होता, आणि कार्यक्रमाने एकही तक्रार केली नव्हती.

२१ जून

दोन दिवस यातच गेले.

पिलो अक्षरे दोन पद्धतींनी मांडते. साध्या पद्धतीत अक्षरे साठवलेल्या क्रमाने एकापुढे एक ठेवली जातात. इंग्रजीला ते पुरते. दुसऱ्या पद्धतीत राक्म नावाची लायब्ररी मध्ये येते, ती हार्फबझकडून फॉन्टमधले नियम वाचून घेते आणि वेलांटी पुढे आणणे, जोडाक्षरे जुळवणे, रफार चढवणे ही कामे करते. पिलोच्या तयार व्हीलमध्ये राक्म असते, पण राक्मला लागणारी फ्रिबिडी ही लायब्ररी त्यात नसते. ती यंत्रावर आधीच असली तर चालू होताना उचलली जाते, नसली तर पिलो गाजावाजा न करता साध्या पद्धतीवर उतरते. फ्रिबिडीचे काम उर्दू-अरबीसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांचे आहे. ‘किल्ला’ला तिचा काही उपयोग नाही, पण तिच्यावाचून राक्मचे दार उघडत नाही.

माझ्या लिनक्सवर ती कधी आली हे मला माहीत असण्याचे कारण नव्हते. डेस्कटॉपची अक्षरे मांडणाऱ्या पँगोला ती लागते, म्हणून ती प्रणालीबरोबरच आलेली होती. गेली दोन वर्षे माझा कार्यक्रम तिच्या जिवावर शुद्ध मराठी काढत होता.

वाचनालयाला ‘ही डीएलएल (विंडोजवरची लायब्ररीची फाइल) शोधून अमुक ठिकाणी ठेवा’ असे सांगणे शक्य होते, पण मग पॅकेज कशाला बांधायचे? फ्रिबिडीचा परवाना एलजीपीएल २.१ आहे. डीएलएल वेगळी फाइल म्हणून, परवान्यासह आणि बदलता येईल अशी दिली तर अडचण नाही. विंडोजच्या व्हीलमध्ये ती घातली.

तरीही पिलोला ती दिसेना, कारण पिलो आमच्या फोल्डरात शोधत नाही. विंडोजची एक रीत येथे कामी आली. एखादी डीएलएल आधीच स्मृतीत चढलेली असेल, तर पुढे कोणी त्याच नावाची मागितल्यावर तीच दिली जाते. म्हणून ‘मळभ’ आयात होताच सर्वांत आधी पायथनच्या सीटाइप्स या सोयीने पूर्ण मार्ग देऊन फ्रिबिडी चढवते आणि त्यानंतरच पिलोच्या फॉन्टच्या भागाला हात लावते. हा क्रम बिघडला तर सारे व्यर्थ आहे, कारण पिलो फ्रिबिडीचा शोध तो भाग आयात होताना एकदाच घेते. आयातीच्या ओळी वर्णक्रमाने लावणारे साधन मी नेहमी वापरतो. त्या फाइलीपुरते ते बंद केले आणि का केले ते दोन ओळींत लिहून ठेवले.

वापरणाऱ्याने आमच्या आधीच पिलोचा फॉन्टचा भाग मागवला असेल तर काय, हा प्रश्न उरला.

२४ जून

उत्तर भलतीकडून आले.

छापील नमुन्यात ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसत होते. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयातील वर्णमालेत या दोन अक्षरांची मराठी रूपे आहेत. नोटोमध्ये ती आहेत, पण भाषा मराठी आहे असे सांगितल्याशिवाय पुढे येत नाहीत. पिलोला मजकूर काढताना भाषेचा संकेत देता येतो. तो दिला. शब्दाचे माप घेतानाही तोच द्यावा लागतो, नाहीतर मोजलेला शब्द एक आणि काढलेला दुसरा होतो. मालवणचा ‘ल’ आता ओळखीचा दिसतो.

आणि राक्म उपलब्ध नसताना भाषेचा संकेत दिला, तर पिलो गप्प बसत नाही, सरळ त्रुटी देते. परवाचा प्रश्न त्यातच मिटला. मोडके चित्र आता निघूच शकत नाही. ती त्रुटी पकडून ‘मळभ आधी आयात करा’ असा मराठी संदेश तेवढा जोडला. ०.१.३.

२७ जून

चित्रात ‘किनाऱ्यावर’ दोनदा आला. दोन्ही हुबेहूब सारखे, आकारानेही जवळपास.

विद्यार्थ्यांनी दोन वेगळ्या कळफलकांवर टंकलेखन केले होते. एकात हा अर्धा र ‘ऱ’ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून साठवला जातो, दुसऱ्यात नेहमीचा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक अशा तिघांनी मिळून. डोळ्यांना फरक नाही, मोजणीला आहे, आणि युनिकोडचे प्रमाणीकरणही या दोहोंना एक करत नाही. पहिल्या फेरीत मी सगळेच न दिसणारे वर्ण पुसून टाकले. तेव्हा दुसऱ्या पद्धतीने टंकलेल्या ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला. सह्याद्रीतून उतरणाऱ्या वाऱ्याविषयी कोणी सांगितलेली हकिकत समुद्राच्या खाती जमा झाली! आता आधी त्या तिघांचा ‘ऱ्’ होतो, आणि मगच बाकीचे न दिसणारे वर्ण पुसले जातात.

‘समुद्रात’, ‘समुद्राला’, ‘समुद्राकडे’ हे वेगळे मोजले जातात, याची मला कल्पना आहे. प्रत्यय सोडवणे हे वेगळ्या लायब्ररीचे काम आहे आणि या आवृत्तीत ते येणार नाही.

२ जुलै

लिनक्सची व्हील बांधणारे काम कालपासून पडते आहे. बांधणीची जुनी प्रतिमा, म्हणजे ज्यात व्हील बांधली जाते ती तयार प्रणाली, सेंटओएस ७ या लिनक्सवर उभी होती, त्याची मुदत ३० जूनला संपली, आणि चाचणीसाठी फ्रिबिडी आणणारी ओळ आता रिकाम्या दारी उभी राहते. अल्मालिनक्स ८ वरची प्रतिमा घेतली. तासाभराचे काम.

६ जुलै

वाचनालयात नेट नाही. पावसात केबल तुटली आहे. घरून पिपलाच विंडोजसाठीची व्हील उतरवून घ्यायला सांगितले, प्रणाली आणि पायथनची आवृत्ती नोंदवून, फक्त बांधलेल्या फाइली हव्यात असे बजावून. तीन व्हील पेन ड्राइव्हवर घेऊन गेलो. तेथे पायथन ३.११ निघाला, मी ३.१२ साठीची आणली होती. भिजत परत, पुन्हा उतरवणे, पुन्हा जाणे. दुपारी बसले.

चित्रात रापण ठळक आली, बांगडा, पाऊस आणि होडीही. मधोमध मात्र सर्वांत मोठा शब्द ‘आसा’ होता, आणि त्याच्या भोवती मगे, माका, खय. माझी वर्ज्य शब्दांची यादी प्रमाण मराठीची आहे. तीत ‘आहे’ आहे, ‘आसा’ नाही. आठवणी मालवणीत सांगितलेल्या असतील हे मी धरलेच नव्हते. यादीत भर घालणारी वेगळी फाइल देण्याची सोय पहिल्यापासून होती, ती ग्रंथपाल बाईंना दाखवून आलो.

९ जुलै

बाईंनी नोटपॅडमध्ये यादी केली आणि ‘आसा’ सोडून सगळे शब्द गेले. ‘आसा’ यादीत पहिला होता. त्या जुन्या विंडोजवरचे नोटपॅड यूटीएफ-८ फाइलीच्या आरंभी एक न दिसणारी खूण घालते. ती पहिल्या शब्दाला चिकटली होती आणि तो शब्द कशाशीच जुळत नव्हता. वाचताना ती खूण गाळणारे एन्कोडिंग लावून ०.१.४ केली.

पेन ड्राइव्ह घेऊन गेलो तर चित्र भिंतीवर लागलेले होते, आणि त्यात ‘आसा’ नव्हता. पहिलाच शब्द नडतो हे बाईंनी शब्दांची अदलाबदल करून शोधले होते आणि यादीच्या सुरुवातीला एक ओळ मोकळी सोडली होती. ०.१.४ बसवली. ती ओळ काढली नाही.